मुंबईच्या गरिबांची मोजदाद : गिरणगावापासून नाहूरच्या मिठागरांपर्यंत

मुंबईतल्या कष्टकऱ्यांच्या राहणीची पद्धतशीर पाहणी सरकारने स्वतः हाती घेतली ती १९२१ साली. त्या वर्षी मुंबई सरकारने लेबर ऑफिस नावाचे नवे खाते उघडले आणि फिंडले शिरास या संख्याशास्त्राच्या जाणकाराकडे ते सोपवले. निमित्त दयेचे नव्हते. पहिल्या महायुद्धात धान्याचे आणि कापडाचे भाव भडकले, १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षी जानेवारीत गिरण्यांत सार्वत्रिक संप झाले, आणि मजुरीची बोलणी करायला बसल्यावर ध्यानात आले की खात्रीचे आकडे ना मालकांकडे आहेत, ना कामगारांकडे. गिरणीतला माणूस महिन्याला किती ज्वारी-तांदूळ खातो, खोलीचे भाडे किती भरतो, सावकाराचे व्याज किती देतो, हे कळल्याशिवाय तंटा मिटणार नव्हता. लेबर ऑफिसचे पाहणीदार चाळीचाळीतून हिंडले. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च त्यांनी लिहून घेतले आणि १९२३ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

गरिबांच्या घरात सरकार डोकावले ते काही पहिल्यांदाच नव्हे. १८९६ च्या प्लेगने ते आधीच घडवले होते. मात्र त्या वेळी नजर रोगावर होती. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले. पाडली तेवढी घरे बांधली मात्र नाहीत, त्यामुळे उठवलेली माणसे शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने शिरली. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली तेव्हा रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने यांच्या जोडीने कामगारवस्तीची माहिती गोळा करण्याचे कामही सुरू झाले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग उघडला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस शहररचनेचे अभ्यासक होते. १९२४ पासून विभागाची सूत्रे गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांचा स्वतःचा ओढा जात, जमाती आणि संस्कृती यांच्याकडे अधिक होता. गिरणगाव विभागापासून फार लांब नव्हते, पण ते अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले ते बऱ्याच उशिरा. दरम्यान त्या विषयावरचे एक मोठे पुस्तक, बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील मजूर आणि घरे यांवरचे, १९२५ साली लंडनमध्ये छापले गेले. इंग्लंडमधल्या गावांत संख्याशास्त्रज्ञ बाउली यांच्याबरोबर गरिबीची नमुना पाहणी केलेला हा माणूस. तीच रीत त्यांनी मुंबईच्या चाळींना लावली.

या सगळ्या कागदांत आजही वाचवत नाही असा एक कागद आहे तो डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांचा. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी त्यांनी १९२२ साली केली आणि ती लेबर ऑफिसच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाली. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची पंधरा फूट बाय बारा फुटांची खोली त्यांनी पाहिली. तीत सहा कुटुंबे राहत होती. जमिनीवर सहा चुली मांडलेल्या दिसल्या म्हणून त्यांना ते खरे मानावे लागले. चौकशी केली तर मोठी-लहान मिळून माणसे ३० भरली. सहापैकी तीन बायकांचे दिवस भरत आले होते. आडोसा म्हणजे छताला टांगलेल्या बांबूंवर टाकलेली गोणपाटे. बार्न्स यांची दुसरी नोंद याहून अधिक गाजली. आई दहा-दहा तास गिरणीत, घरी तान्हे मूल. ते निपचित पडून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी चारत. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. शहरातला अर्भकमृत्यूचा दर त्या सुमाराला हजार जन्मांमागे सहाशेच्या वर नोंदवला जात होता. हा आकडा थोडा जपून वाचावा लागतो, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर जात आणि जन्माची नोंद एकीकडे, मृत्यूची दुसरीकडे होई. तरीही एका खोलीत राहणाऱ्यांची मुले अधिक मरतात, याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

बार्न्स यांच्या पाहणीचे कायद्यात रूपांतर व्हायला सात वर्षे लागली. मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी मांडलेले विधेयक पडले. मुंबई कौन्सिलमध्ये आसवले यांनी ते पुन्हा आणले. जुलै १९२८ मध्ये त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला: हा भार मुख्यतः सरकारनेच उचलायला हवा, पण बाईच्या श्रमातून नफा काढणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा देशातला या विषयावरचा पहिला कायदा. बाळंतिणीला दिवसाला आठ आणे मिळू लागले. मालकांनी यातून पळवाट शोधलीच. पुढच्या काळात गिरण्यांतील बायकांचे प्रमाण घटत गेले. त्याचा सगळा दोष या कायद्याच्या माथी मारता येत नाही. रात्रपाळीची बंदी होती, नवी यंत्रे आली, आणि ज्या खात्यांत बायका काम करत त्याच खात्यांवर काटछाटीची कुऱ्हाड पडली.

कुटुंबखर्चाच्या पाहणीचे फळ अधिक टिकाऊ निघाले. लेबर ऑफिस दरमहा राहणीखर्चाचा निर्देशांक काढू लागले. १९३२-३३ च्या नव्या पाहणीवरून तो सुधारला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात महागाई पेटली तेव्हा, १९४० च्या संपानंतरच्या वर्षांत, गिरणी कामगाराचा महागाई भत्ता या निर्देशांकाला बांधला गेला. कोणे एके काळी परळच्या खोलीत बसून लिहिलेला ज्वारी, घासलेट आणि लुगड्याचा हिशेब आता दर महिन्याला लाखो लोकांच्या पगारात उतरत होता. म्हणूनच त्याच्यावर भांडणेही झाली. बाजारात भाव चढत असताना निर्देशांक हलत नाही, अशी कामगारांची तक्रार १९६३ साली इतकी वाढली की राज्य सरकारला अर्थतज्ज्ञ द. ता. लकडावाला यांची समिती नेमावी लागली. समितीने निर्देशांकातल्या चुका मान्य केल्या. गिरणगावातला अक्षरओळख नसलेला माणूसही त्या काळी निर्देशांकाचा आकडा तोंडपाठ सांगत असे. समाजशास्त्रीय पाहणी सामान्यांच्या इतक्या जवळ पुन्हा क्वचितच आली.

समाजकार्य शिकवण्याची कल्पना नागपाड्यातून पुढे आली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मुंबईत आले आणि त्यांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केले. मराठी, कोकणी मुसलमान, ज्यू आणि उत्तरेकडून आलेले मजूर यांची सरमिसळ असलेली ती वस्ती. भल्या मनाच्या लोकांना काम करायला लावायचे तर त्यांना शिकवलेही पाहिजे, हे मॅन्शार्ट यांनी ओळखले. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेही नागपाड्यातच. पहिल्या तुकडीत विद्यार्थी २० होते. १९४४ साली संस्थेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. लोकांच्या तोंडी ते ‘टिस’ म्हणून बसले. १९५४ मध्ये ती देवनारला गेली. त्या वेळी देवनार म्हणजे शहराबाहेरचा ओसाड भाग. एका बाजूला महापालिकेची १९२७ पासूनची कचराभूमी, पलीकडे खाडी.

टिसच्या सुरुवातीच्या अभ्यासांत भिकाऱ्यांचा प्रश्न ठळक आहे. मॅन्शार्ट यांच्यानंतर संचालक झालेल्या जे. एम. कुमारप्पा यांनी १९४५ साली या विषयावरचे लेख एकत्र करून पुस्तक काढले. अंध, कुष्ठरोगी, सोडून दिलेली मुले, धडधाकट पण बेकार, धर्माच्या नावाने मागणारे असे वेगवेगळे गट पाडून प्रत्येकाला वेगळी मदत हवी, असा त्याचा सूर होता. याच वर्षी मुंबईत भिकाऱ्यांविषयीचा कायदा झाला आणि १९५९ मध्ये त्याची जागा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियमाने घेतली. कायद्याने अभ्यासातले गट घेतले नाहीत, एकच सरसकट चाळणी केली. उपजीविकेचे उघड साधन नसलेला, सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही भिकारी ठरू लागला. पहिल्यांदा पकडले तर एक ते तीन वर्षे, पुन्हा पकडले तर दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद झाली. चेंबूरचे भिक्षेकरी गृह टिसच्या आवारापासून फार दूर नाही. या कायद्याचा धडा पुढे अनेक राज्यांनी गिरवला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आपल्या हद्दीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. ज्यांना भाकरी पुरवणे राज्याला जमले नाही त्यांनाच गुन्हेगार कसे ठरवायचे, हा प्रश्न तेव्हा न्यायालयाने विचारला. तोच प्रश्न अभ्यासकांच्या टिपणांत १९४५ पासून पडून होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई उत्तरेकडे फुगली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत. या दोहोंच्या मधले नाहूर त्यामुळे शहरात आले, पण बराच काळ शहरासारखे दिसले नाही: पश्चिमेला आग्रा रोडलगत कारखान्यांची रांग, पूर्वेला मिठागरे आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. कारखान्यात कामाला आलेल्यांना घरे कोणी दिली नाहीत. भांडुपच्या डोंगराच्या उतारावर, नाल्यांच्या काठी आणि रेल्वेच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. अभ्यासही त्यांच्या मागोमाग आले. मुंबई विद्यापीठात अ. र. देसाई आणि देवदास पिल्ले यांनी १९७० आणि १९७२ मध्ये झोपडपट्टीवर दोन पुस्तके प्रसिद्ध केली. टिसने १९७२ मध्ये पी. रामचंद्रन यांची पदपथावर राहणाऱ्यांची पाहणी छापली. समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे तेव्हा टिसचे संचालक होते. झोपडपट्टी म्हणजे आळशांचा आणि गुन्हेगारांचा अड्डा, हा समज या अभ्यासांपुढे टिकत नाही. राहणारी बहुतेक माणसे कामाला जाणारी होती. पण धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर तोवर दुसराच कागद होता.

तो कागद १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या पाठोपाठ आला. ४ जानेवारी १९७६ या रविवारी, आणीबाणी चालू असताना, मुंबईतल्या झोपड्यांची एकाच दिवसात गणना झाली. तीत २८ लाखांवर लोक झोपड्यांत राहत असल्याचे आढळले. प्रत्येक झोपडीला नंबर मिळाला, कुटुंबाला फोटोपास. हा फोटोपास म्हणजे सगळ्या कुटुंबाचे छायाचित्र चिकटवलेले एक कार्ड. ते लोखंडी पेटीच्या तळाशी, लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड यांच्याबरोबर सांभाळले जाई. ज्याच्याकडे फोटोपास त्याला हटवायचे तर पर्यायी जागा द्यायची, बाकीच्यांचा सरकारशी संबंध नाही, असा नियम त्यातून जन्मला. मुंबईच्या घरविषयक कल्याणकारी धोरणाचा पाया येथे पडला. तो गरजेवर नव्हे, तारखेवर घातला गेला. पुढे ती तारीख निवडणुकांच्या आगेमागे पुढे सरकत राहिली: १९८०, १९८५, मग १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००, आणि पैसे भरून घर घेणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०११. या कोणत्याही तारखेमागे समाजशास्त्राचा पुरावा शोधू गेले तर तो सापडत नाही.

मोजणी म्हणजे संरक्षण असे समजण्याचीही सोय नव्हती. १९७६ च्याच मे महिन्यात मानखुर्दजवळची जनता कॉलनी उठवली गेली. अणुसंशोधन केंद्राच्या शेजारच्या या वस्तीतली सुमारे ७० हजार माणसे ट्रॉम्ब्यातल्या दलदलीच्या जमिनीवर, आजच्या चिता कॅम्पमध्ये, नेऊन सोडण्यात आली. ही हकालपट्टी थांबवण्यासाठी न्यायालयापासून दिल्लीपर्यंत धावलेले जॉकिन अर्पुथम पुढे झोपडीवासीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेते झाले.

१३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावरच्या लोकांना त्यांच्या गावी परत पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात बसगाड्या भरून माणसे शहराबाहेर नेली गेली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ चा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात मान्य झाले आणि ते मान्य होण्यात अभ्यासकांनी गोळा केलेल्या माहितीचा वाटा होता. पदपथ सोडला तर रोजगार सुटतो, हे न्यायालयाने त्या आधारावर स्वीकारले. पण रीतसर नोटीस देऊन हटवायला आडकाठी उरली नाही. १९७६ च्या गणनेत आलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असे न्यायालयाने म्हटले. त्या गणनेने पदपथावरची माणसे मोजलीच नव्हती, म्हणजे बहुतेकांच्या हाती धुपाटणेच राहिले.

नागपाडा येथे पुन्हा गोष्टीत येतो. नेबरहूड हाउसमध्ये काम केलेल्या आणि टिसमध्ये शिकलेल्या शीला पटेल यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह स्पार्क ही संस्था काढली. निकाल लागायच्या सुमारास स्पार्कने भायखळ्याच्या परिसरातल्या पदपथांवरची गणना स्वतः हाती घेतली. सुमारे ६ हजार कुटुंबे, २७ हजार माणसे. आजवरच्या पाहण्यांत आणि या पाहणीत फरक होता तो प्रश्न कोण विचारते याचा. पदपथावर राहणाऱ्या बायकाच दारोदार गेल्या, किंबहुना दार नव्हतेच, ताडपत्रीपुढे बसल्या. बहुतेक कुटुंबे राज्यातल्या आणि देशातल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांतून आलेली, कामाच्या ठिकाणी पायी जाणारी आणि कित्येक वर्षांपासून त्याच जागी राहणारी निघाली. ‘कालच आलेले उपरे’ हे सरकारी वर्णन त्यांना लागू पडत नव्हते. या बायकांतूनच महिला मिलन ही संघटना उभी राहिली.

हीच रीत मग रेल्वेच्या रुळांकडे आली, आणि तेथून कुर्ला-ठाणे पट्ट्यात. १९८० च्या दशकाअखेर शासन, रेल्वे आणि झोपडीवासीयांच्या या संघटना यांनी मिळून रुळांलगतच्या झोपड्या मोजल्या; त्या सुमारे १८ हजार भरल्या. घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड या स्थानकांवरून रोज जाणाऱ्या प्रवाशाला त्या खिडकीतून हात लांबवला तर लागतील अशा दिसत. त्यांच्यामुळे काही ठिकाणी गाड्या ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने रांगत. कुर्ला ते ठाणे पाचवी आणि सहावी मार्गिका टाकायची तर या झोपड्या हलवणे भाग होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळांकाठच्या सुमारे ९०० कुटुंबांनी कांजूरमार्गला शासनाने दिलेल्या जमिनीवर स्वतःहून स्थलांतर केले. आपली यादी त्यांनी आपणच केली, नकाशावर झोपड्यांचे नंबर आपणच टाकले, सहकारी संस्था आपणच नोंदवल्या. पोलीस बंदोबस्ताशिवाय, बुलडोझरशिवाय रूळ मोकळे झाले. आधी कच्च्या तात्पुरत्या खोल्या, मग पक्की घरे, असा तो दोन टप्प्यांचा प्रवास होता.

हा अनुभव सुखथनकर समितीने घडवलेल्या पुनर्वसन धोरणाला पूरक ठरला. माजी मुख्य सचिव द. म. सुखथनकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या शिफारशींवरून राज्याने १९९७ मध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी पुनर्वसनाचे धोरण स्वीकारले. त्यात १९९५ ची तारीख महत्त्वाची नव्हती. प्रकल्पाच्या पाहणीत जो राहताना आढळेल त्याला २२५ चौरस फुटांचे घर, अशी सोपी अट होती. मुंबईच्या झोपडपट्टी धोरणात गरज तारखेच्या वर ठेवल्याचा हा दुर्मीळ प्रसंग, आणि त्यामागे जागतिक बँकेच्या कर्जाचा आग्रह होता हेही लपवण्यासारखे नाही. फेब्रुवारी २००० मध्ये रेल्वेने हार्बर मार्गावरच्या झोपड्या अचानक पाडल्या तेव्हा धोरणाची कसोटी लागली.

या प्रकल्पाच्या पायाभूत पाहण्या टिसने केल्या आणि २००८ मध्ये पुनर्वसनाच्या परिणामांचा अहवालही टिसनेच दिला. तोवर मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड आणि चेंबूरचे वाशी नाका येथे सात-सात मजली इमारतींच्या दाट रांगा उभ्या राहिल्या होत्या. घर मिळाले, पावसाळा सुखाचा झाला. पण घरकाम करणाऱ्या बाईची चार घरे सुटली, मुलांच्या शाळा लांब पडल्या, आणि झोपडीत कधी ठाऊक नसलेले देखभालशुल्क, लिफ्टचे बिल, पाण्याच्या पंपाचे बिल महिन्याच्या महिन्याला दारात येऊ लागले. इमारती इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांत दिवसा दिवे लावावे लागत. तक्रारींवरून जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाने चौकशी केली आणि २००६ मध्ये प्रकल्पाच्या काही भागाचे पैसे काही महिने रोखले गेले. पुनर्वसनाच्या बऱ्याच वसाहती ज्या एम पूर्व विभागात बांधल्या गेल्या, तो मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातला सर्वांत तळाचा विभाग ठरला. टिसचे आवारही याच विभागात आहे. संस्थेने पंचाहत्तरी साजरी करताना या विभागाचीच घरोघर पाहणी हाती घेतली, ती उशिरा का होईना योग्यच होती. अर्धशतक शेजारी राहून ती आधी व्हायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे कठीण आहे.

मोजणीचा सर्वांत नवा अध्याय धारावीतून सुरू होतो आणि नाहूरच्या परिसरात येऊन पोहोचतो. मार्च २०२४ मध्ये धारावीतल्या घराघराची पाहणी सुरू झाली. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांना धारावीतच मोफत घर. २००० ते २०११ मधल्यांना धारावीबाहेर अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना बाहेर भाड्याचे किंवा भाडे-खरेदीचे घर, अशी विभागणी ठरली. या बाहेरच्या घरांसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५५ एकर मिठागराची जमीन केंद्राकडून घेण्यास मान्यता दिली. नाहूर स्थानकाच्या पूर्वेकडून खाडीकडे पाहिले तर याच पट्ट्यातली मिठागरे दिसतात. मुलुंड-भांडुपमधल्या रहिवाशांनी विरोध केला: रस्ते, पाणी आणि लोकल गाड्यांवरचा ताण हे एक कारण, आणि भरतीचे पाणी मुरवणारी जमीन बांधकामाखाली गेली तर पावसाळ्यात काय होईल ही दुसरी धास्ती. ज्यांना तिथे आणायचे त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. धारावीतला कुंभार, चामड्याचा कारागीर किंवा कपडे शिवणारा आपल्या कामाजवळ राहतो म्हणून त्याचे पोट चालते, हे १९८५ च्या निकालाने मान्य केले होते आणि २००८ च्या अहवालाने पुन्हा दाखवून दिले होते. कोण कोणत्या मजल्यावर आणि कधीपासून राहतो एवढेच नव्या पात्रतेला पुरते. कोण कोठे काम करतो, हे घर कोठे मिळणार ते ठरवताना विचारात येत नाही.